एवढासा 'च'

'मीच येतो' आणि 'मी येतोच'. शब्द तेच, फक्त 'च' सरकला. पहिल्यात दुसरं कोणी येणार नाही, दुसऱ्यात येणं पक्कं!

यावरून डेमोक्रिटस आठवला. इ.स.पूर्व पाचव्या शतकातला हा ग्रीक म्हणायचा, जग न तुटणाऱ्या कणांचं बनलंय. त्याचं म्हणणं समजावताना ॲरिस्टॉटलने चक्क अक्षरं घेतली: अक्षरं तीच, पण क्रम उलटला की वेगळं काही तयार होतं.

मला ही नुसती उपमा वाटायची. पण १८२० च्या दशकात लीबिग आणि व्होलर या दोन तरुण जर्मन रसायनतज्ज्ञांचं यावरूनच वाजलं. दोघांनी चांदीचे दोन क्षार तपासले. घटक तेच, प्रमाणही तेच. पण लीबिगचं फल्मिनेट जरा घासलं तरी धडाम्, आणि व्होलरचं सायनेट आपलं शांत! लीबिग म्हणाला, व्होलर चुकला. मग पुन्हा तपासलं, तर दोघंही बरोबर... फरक होता अणूंच्या रचनेत. १८३० मध्ये बर्झेलियसने या प्रकाराला 'आयसोमेरिझम' नाव दिलं. आणि भांडणारे दोघं जन्माचे मित्र झाले.

म्हणजे कण नुसते मोजून भागत नाही, कोण कुणाशेजारी बसलंय तेही बघावं लागतं. शाळेत 'च' हे शब्दयोगी अव्यय म्हणून घोकलं होतं. त्याची जागा मात्र कधी बघितलीच नाही. असो.