नंदुरबारचे गल्लीबोळ आणि चतुःसीमेचे कागद

शहराचा इतिहास म्हणजे तेथें कोणाचें राज्य होतें, कोणती लढाई झाली व कोणता प्रवासी तेथून गेला यांची टिपणें, असा समज आपल्याकडे पुष्कळ रूढ आहे. नंदुरबारच्या बाबतींत तर हा समज फारच सोयीचा ठरतो. हें शहर सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर असल्यामुळें त्याचा उल्लेख करणाऱ्यांची वाण नाहीं. इ. स. १३४२ मध्यें दिल्लीहून निघालेला इब्न बतूता दौलताबादेहून खंबायतेकडे जातांना येथें आला, व येथील मराठे हस्तकौशल्यांत निपुण असून त्यांत वैद्य व ज्योतिषीहि आहेत, असें त्यानें नमूद केलें. गुजराथचे सुलतान व खानदेशचे फारुकी यांच्या झगड्यांत 'सुलतानपूर-नंदुरबार' हें जोडनांव वारंवार येतें. आईन-इ-अकबरींत हें माळवा सुभ्यांतील एक सरकार आहे. १६१० मध्यें विल्यम फिंच यानें गांवाअलीकडील कबरी व विलासगृहें, तसेंच गढी व तलाव पाहिला. १६१५ मध्यें इंग्रजांचा वकील सर टॉमस रो हाहि याच वाटेनें गेला.

हीं साधनें मोलाचीं आहेत यांत संशय नाहीं. पण यांतील प्रवाशांनीं शहर पाहिलें तें रस्त्यावरून, आणि दरबारी लेखकांनीं पाहिलें तें वसुलाच्या आंकड्यांतून. ज्या कारागिरांची बतूतानें स्तुति केली ते कोणत्या वस्तींत राहत, त्यांच्या घरांच्या मागें कोणता बोळ होता, शेजारी कोणत्या धंद्याचा होता, याविषयीं या ग्रंथांत एक अक्षरहि मिळावयाचें नाहीं. त्यासाठीं ग्रंथ मिटून पायीं हिंडलें पाहिजे. या हेतूनें माणिक चौकापासून निघून जुन्या शहराच्या गल्ल्या व बोळ आम्हीं पायांखालीं घातले. त्यावरून जें विचारार्ह वाटलें तें येथें मांडीत आहों.

येथील वस्त्यांच्या नांवांचे चार वर्ग सहज पडतात. पहिला धंद्याचा व जातीचा: गवळीवाडा, कुंभारवाडा, माळीवाडा, भाट गल्ली, घी बाजार, सोनार खुंट. दुसरा अधिकाराचा: देसाईपुरा. देसाई हा परगण्याच्या वसुलाचा वतनदार. देशावर ज्यास देशमुख म्हणत त्यासच गुजराथेंत व तिच्या सरहद्दीस देसाई म्हणत. तिसरा वर्ग आगंतुकांचा: परदेशीपुरा. खानदेशांत परदेशी म्हणजे समुद्रापलीकडचा नव्हे, तर उत्तर हिंदुस्थानांतून आलेला मनुष्य. चौथा वर्ग घटनेचा, आणि त्यांत जळका बाजार हें नांव विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे.

नांवांच्या उत्तरपदांकडेहि पाहावें. पुण्यास आळी, अमदाबादेस पोळ. येथें वाडा, पुरा, गल्ली, मोहल्ला व खुंट हीं सर्व शेजारीं शेजारीं नांदतात. खुंट म्हणजे रोवलेला खुंटा. गुजराथींत त्या शब्दानें हद्दीची खूण दाखवितात, आणि हिंदींत 'चारों खूंट' म्हणजे चारी दिशा. मराठी, गुजराथी व हिंदी यांची ही मिसळ केवळ नांवांत नाहीं, लोकांच्या जिभेवरहि आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं याच माणिक चौकांत गोळीबारांत शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा व त्याचे चार सोबती पडले. त्या मिरवणुकींतील घोषणा गुजराथी होती, हें सर्वांस माहीत आहे. त्या एका दिवसानें चौकास इतिहासांत स्थान मिळालें. भोंवतालचे बोळ मात्र अद्याप इतिहासाबाहेरच आहेत.

आतां नांवांवरून अनुमान करण्यांत धोकाहि मोठा आहे. नंद गवळी नांवाच्या राजानें हें शहर वसविलें अशी दंतकथा आहे, व शहरांत गवळीवाडाहि आहे. तेव्हां एकाचा पुरावा दुसऱ्यास जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. गवळीवाडे अनेक शहरांत आहेत. जेथें दुभतीं जनावरें तेथें गवळी, एवढाच त्याचा अर्थ. जळका बाजार या नांवावरूनहि येथें केव्हां तरी आग लागली असावी इतकेंच निघतें. आगीचें साल नांव सांगत नाहीं.

मग तें कोण सांगणार? आमच्या मतें घरोघरचीं खरेदीखतें, गहाणखतें व वांटणीपत्रें. अशा प्रत्येक कागदांत घराची चतुःसीमा दिलेली असते: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस सदर रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस सामाईक भिंत. फर्मानांत बोळास स्थान नाहीं, पण खरेदीखतांत त्यावांचून चालत नाहीं. बाजाराचें जुनें नांव देणारा शेवटचा कागद व 'जळका' हें विशेषण असलेला पहिला कागद हातीं आला, तर त्या दोन मित्यांच्या दरम्यान आग कोंडतां येईल. दहा शेजाऱ्यांचे कागद एकमेकांस लावले तर एक सबंध गल्ली, तींतील माणसें व धंदे यांसह, कागदावर उभी राहील. मग ती पायांनीं पडताळून पाहतां येईल.

परंतु नेमके हेच कागद नष्ट होत आहेत. संग्राहक दप्तर उघडतो, शिक्क्याची सनद उचलतो, आणि मोडींतील वा गुजराथींतील गहाणखतें मालकाकडे परत टाकतो. मालकास तीं वाचतां येत नाहींत. जुनें घर पाडून नवें उठतें तेव्हां तीं रद्दींत जातात. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून निराळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला व हें शहर जिल्ह्याचें ठाणें बनलें. अशा शहरांत जुनीं घरें फार दिवस उभीं राहत नाहींत. घर गेलें, चौकाचें नांव बदललें व कागदहि गेला, म्हणजे त्या बोळाचा कोणताच साक्षी उरत नाहीं.

सबब संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, दप्तर हातीं येतांच त्यांतील चतुःसीमेचा प्रत्येक कागद, तो कितीहि क्षुल्लक दिसो, निराळा काढून ठेवावा. त्यावरील मिती, गल्लीचें नांव व चारी बाजूंचे धनी यांची यादी करावी, व त्या जागीं स्वतः जाऊन बोळ अद्याप आहे कीं बुजला हें यादींत नोंदवावें. हें काम एकट्याचें नव्हे. परंतु एका गल्लीपुरतें तें कोणासहि करतां येईल.