एडिस्टन खडकावरील दीपस्तंभ

समुद्राशीं ज्यांचा नित्याचा संबंध आहे, त्या आमच्या वाचकांस हें सांगावयास नको कीं, खलाशी खोल पाण्यास भीत नाहीं. तो भितो पाण्याखालीं दडलेल्या खडकास. इंग्लंडच्या दक्षिणेस, प्लिमथ बंदरापासून सुमारें १४ मैलांवर, एडिस्टन नांवाची अशीच एक खडकांची रांग आहे. भरतीच्या वेळीं ती बहुतेक बुडून जाते. बंदराच्या वाटेवरच असल्यामुळें तिनें पुष्कळ गलबतें गिळलीं.

तेथें दीपस्तंभ उभारण्याचें धाडस प्रथम हेन्री विन्स्टन्ली या गृहस्थानें केलें. काम चालू असतां १६९७ सालीं एका फ्रेंच जहाजानें त्यास पकडून नेलें, कारण त्या वेळीं उभय राष्ट्रांत युद्ध चालू होतें. परंतु फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानें त्यास सोडून दिलें. आपलें वैर इंग्लंडशीं आहे, मनुष्यजातीशीं नव्हे, असें तो म्हणाल्याचें सांगतात. त्या राजाचीं इतर कृत्यें कशींही असोत, दीपस्तंभाचें मर्म त्यानें बरोबर जाणलें होतें, असें आम्हांस वाटतें.

१६९८ सालीं दिवा लागला. मोठ्यांत मोठें वादळ होईल त्या रात्रीं आपण येथें असावें, असें विन्स्टन्ली म्हणे. १७०३ च्या नोव्हेंबरांत तसें वादळ झालें, आणि तो आंत होता. सकाळीं खडकावर मनोरा नव्हता व मनुष्यही नव्हता.

पुढें जॉन रडयर्ड नांवाच्या रेशमाच्या व्यापाऱ्यानें लांकडी मनोरा बांधिला. तो १७५५ सालीं जळाला.

यानंतर आला जॉन स्मीटन. ओक वृक्षाचा बुंधा जसा तळाशीं रुंद असून वर निमुळता होत जातो, तसा आकार त्यानें मनोऱ्यास दिला. सुतार पेटीच्या फळ्या एकमेकींत गुंतवितो, त्याप्रमाणें त्यानें दगड दगडांत गुंतविले. पाण्यांत घट्ट होणारा चुना शोधण्यासाठीं त्यानें नाना ठिकाणचे चुनखडीचे दगड भाजून पाहिले, आणि ज्यांत चिकणमातीचा अंश असतो त्यांचाच चुना पाण्यांत टिकतो, हें त्यास कळलें. शेवटीं वेल्समधील चुना व इटलींतील ज्वालामुखीची माती समभाग घेऊन त्यानें काम केलें. १७५९ सालीं वर अवघ्या २४ मेणबत्त्या लागल्या! शेवटच्या दगडावर ‘लाउस देओ’, म्हणजे ‘देवाची स्तुति असो’, असे दोन लॅटिन शब्द कोरविले.

हा मनोरा शंभरांहून अधिक वर्षें टिकला. दोष त्यांत निघाला नाहीं. त्याखालील खडकच लाटांनीं पोखरला. म्हणून शेजारच्या खडकावर जेम्स डग्लस यानें नवा, सुमारें ४९ मीटर उंचीचा दीपस्तंभ बांधिला. तो १८८२ सालापासून चालू आहे. स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथ येथें किनाऱ्यावर पुन्हां उभारण्यांत आला. पुढें शेवटचे रखवालदारही खडक सोडून गेले व १९८२ सालीं दिवा आपोआप चालूं लागला. त्याच्या शेजारीं स्मीटनच्या मनोऱ्याचा बुंधा मात्र अद्याप लाटांत उभा आहे.