रेड संच, बाह्य (लिनक्स सर्व्हरवरील)

सर्व्हरबाहेरच्या वेगळ्या पेटीत अनेक हार्ड डिस्क बसवून त्यांचा एकच साठा म्हणून वापर करण्याची व्यवस्था. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ‘रेड’ ही संज्ञा रूढ केली. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कांचा संच घ्यावा, आणि त्यातली एखादी बिघडली तरी माहिती शाबूत राहावी, हा त्यामागचा विचार.

लिनक्समध्ये संच बांधण्याची आज्ञा ‘एमडीएडीएम’ (कर्ते : नील ब्राउन). ४ टेराबाइटच्या चार डिस्कांतून रेड ५ मध्ये १२ टेराबाइट जागा मिळते व एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ मध्ये ८ टेराबाइट, पण दोन गेलेल्या चालतात. मोठी डिस्क बदलल्यावर पुनर्बांधणीला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कांवर ताण असतो. म्हणून जागा कमी मिळाली तरी रेड ६ घ्यावा. डिस्कांची एसडीए, एसडीबी ही नावे सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणता साठा कुठे जोडायचा, याची यादी) यूयूआयडी हा न बदलणारा ओळखक्रमांकच लिहावा, सोबत ‘नोफेल’ हा पर्याय द्यावा, म्हणजे पेटी सापडली नाही तरी सर्व्हर सुरू होतो.

बाह्य पेटीची खरी नाजूक बाजू तिचा वेगळा वीजपुरवठा. सर्व्हर चालू असताना पेटी बंद पडली तर सगळ्या डिस्का एकदम गायब होतात. लिहिणे अर्धवट राहिले तर माहिती आणि तिची पडताळणी यांचा मेळ बिघडू शकतो. उदाहरणार्थ, मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव घ्या. पावसाळ्यात वीज येत-जात असताना अशा गावात सर्व्हर आणि पेटी एकाच यूपीएसवर हवीत. सुरू करताना आधी पेटी, मग सर्व्हर. बंद करताना उलट.

घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, ३० अँटेनांची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या संकेतांवर लिनक्स संगणकांचे समूह प्रक्रिया करतात. हुकलेला आकाशातला क्षण पुन्हा टिपता येत नाही, तशीच गावातली जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रेही नष्ट झाली तर परत मिळत नाहीत. त्यासाठी रेड पुरेसा नाही : चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून एकदमच जाते, आणि वीज कोसळली तर पेटीच जळू शकते. दुसरी प्रत मुरबाड किंवा कल्याणला, वेगळ्या इमारतीत ठेवावी आणि ती उघडते का, हे अधूनमधून तपासावे.