अवतरणचिन्हे, मराठीतील
बोलणाऱ्याचे किंवा लिहिणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उद्धृत केले आहेत, हे दर्शविण्यासाठी त्यांच्या आरंभी व अखेरीस घालावयाची चिन्हे. ती दुहेरी व एकेरी अशा दोन प्रकारची असतात. शालेय लेखनात वक्त्याच्या तोंडच्या वाक्यासाठी दुहेरी, तर एखाद्या शब्दावर जोर देण्यासाठी, ग्रंथनामासाठी अथवा अवतरणातील अवतरणासाठी एकेरी चिन्ह वापरण्याचा प्रघात आहे.

ही चिन्हे मूळची मराठी नव्हेत. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत लक्षणीय ओळींकडे लक्ष वेधण्यासाठी समासात बाणाच्या टोकासारखी खूण करीत. मुद्रणकला रुजल्यावर यूरोपातील मुद्रक समासात स्वल्पविरामासारखी चिन्हे घालू लागले व कालांतराने ती ओळीत, उद्धृत शब्दांच्या दोन्ही अंगांस आली. समासातील खूण ‘येथे लक्ष द्या’ एवढेच सांगे. ओळीतील चिन्हांमुळे दुसऱ्याचे शब्द नेमके कोठे सुरू होतात व कोठे संपतात, हे कळू लागले.

जुन्या मराठी हस्तलिखितांत पद्याच्या चरणान्ती एकेरी वा दुहेरी दंड आढळतो. गद्यात विरामचिन्हे जवळजवळ नसत. मोडी लेखनात तर आधी पानभर आडवी रेघ ओढून तिला अक्षरे लटकवीत आणि शब्द सलग लिहीत. तरीही जुने मराठी गद्य संवादांनी भरलेले आहे. तेराव्या शतकातील लीळाचरित्रात प्रश्नोत्तरे पदोपदी येतात. तेथे ‘म्हणितले’ यासारखे क्रियापद बोलणाऱ्याचा पालट सुचविते. संस्कृतातील ‘इति’चे कार्य मराठीत ‘असे’, ‘म्हणोन’ हे शब्द करीत व ते उक्तीच्या शेवटी येत. फार्सी ‘कि’शी निगडित मानले जाणारे ‘की’ हे अव्यय उक्तीच्या आधी येते. म्हणजे आज चिन्हे करतात ते काम पूर्वी शब्द करीत. मात्र एक शब्द उक्तीची एकच सीमा दाखवी, दुसरी वाचकाने संदर्भाने ओळखावयाची असे.

एकोणिसाव्या शतकात मुद्रण व शालेय शिक्षण यांच्या प्रसाराबरोबर ही परिस्थिती पालटली. मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातील सहकारी मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांनी इंग्रजीतील विरामचिन्हांचा मराठीस परिचय करून दिला. विरामचिन्हांची परिभाषा हे त्यांचे पुस्तक १८५० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह या संज्ञा क्रमिक पुस्तके व व्याकरणे यांतून रूढ झाल्या. नाट्यलेखनाने मात्र निराळी पद्धत ठेवली : तेथे पात्राचे नावच उक्तीची मर्यादा ठरवीत असल्याने अवतरणचिन्हांची गरज भासत नाही.

मराठीस या चिन्हांची गरज विशेष आहे. इंग्रजीत दुसऱ्याचे बोलणे अप्रत्यक्षपणे सांगताना क्रियापदाचा काळ बहुधा बदलतो. मराठीत तो तसाच राहतो आणि ‘की’नंतर मूळ वक्त्याचा ‘मी’ही कायम राहू शकतो. ‘गंगू म्हणाली की मी उद्या येणार नाही’ या वाक्यातील ‘मी’ म्हणजे गंगू की सांगणारा, हे केवळ वाक्यावरून ठरत नाही. बोलताना स्वर व विराम यांनी जो भेद कळतो, तो लेखनात चिन्हांनीच दाखवावा लागतो.

प्राथमिक शाळेत शिकविले जाणारे नियम थोडे आहेत. वक्ता आधी आल्यास त्याच्या क्रियापदानंतर स्वल्पविराम येतो : राधा म्हणाली, “मी उद्या येईन.” उक्ती आधी आल्यास स्वल्पविराम चिन्हाच्या आत राहतो : “मी उद्या येईन,” असे राधा म्हणाली. उक्ती मध्ये तुटल्यास दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे चिन्हांकित होतात : “मी,” राधा म्हणाली, “उद्या येईन.” प्रश्न वक्त्याचा असेल, तर प्रश्नचिन्ह आत येते व त्यापुढे स्वल्पविराम नको : “तू कधी येशील?” असे राधाने विचारले. प्रश्न सांगणाऱ्याचा असेल, तर ते बाहेर येते : राधा “येते” म्हणाली का? बोलणारा बदलला, की नवा परिच्छेद करावा.

हे नियम पाठ होऊनही मुले चुकतात, याचे कारण बहुधा चिन्हांत नसून उक्तीच्या आकलनात असते. ‘राधा म्हणाली, “ती उद्या येईल”’ असे स्वतःविषयी बोलणाऱ्या राधेच्या तोंडी घालणारा विद्यार्थी चिन्ह योग्य जागी देतो. पण चिन्हांच्या आत राधेचे शब्द नसून त्याचे स्वतःचे असतात. म्हणून वाक्य आधी दोन मुलांकडून वदवून घ्यावे, प्रत्यक्ष उच्चारले गेलेले शब्दच फळ्यावर लिहावेत आणि मग चिन्हे घालावीत, हा क्रम उपयुक्त ठरतो.

हाच प्रश्न प्रौढ अभ्यासकांपुढेही असतो. चिन्हविरहित बखर किंवा चरित्रग्रंथ छापताना संपादक जेथे अवतरण मिटवितो, तेथपर्यंतचे शब्द त्या ऐतिहासिक व्यक्तीचे ठरतात व पुढचे लेखकाचे. हा निर्णय हस्तलिखिताचा नसून संपादकाचा असतो, हे वाचकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. अवतरणचिन्ह ही शब्दांच्या मालकीची नोंद होय; त्यामुळे ते अचूक देणे हा शुद्धलेखनाइतकाच सचोटीचाही भाग ठरतो.