घरोघरी नवजात बालसेवा

घरोघरी नवजात बालसेवा ही नवजात अर्भकाची तपासणी, निगा व प्राथमिक उपचार गावातील प्रशिक्षित स्त्रीमार्फत त्याच्या घरीच करण्याची पद्धत आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ती महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात विकसित केली.

पार्श्वभूमी

१९९०च्या दशकारंभी या भागात बहुतेक बाळंतपणे घरीच होत. रुग्णालय दूर असे, प्रवासाचा खर्च परवडत नसे आणि ओल्या बाळंतिणीला घराबाहेर काढण्याची रीत नव्हती. परिणामी आजारी अर्भक डॉक्टरपर्यंत क्वचितच पोहोचे. १९९३-९५ या काळात प्रयोगासाठी निवडलेल्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ अर्भके पहिल्या २८ दिवसांतच दगावत. अशा अर्भकावर रुग्णालयातच उपचार व्हावेत, हा तत्कालीन वैद्यकीय संकेत येथे व्यवहारात निरुपयोगी होता.

प्रयोग

३९ गावांत ही सेवा देण्यात आली व ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांची ‘आरोग्यदूत’ म्हणून निवड झाली. दाईसोबत बाळंतपणाला हजर राहणे, बाळाचे वजन व ताप पाहणे, श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे ही त्यांची कामे होती. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला त्या कृत्रिम श्वास देत.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो जंतुदोषाचा उपचार. दूध ओढणे थांबणे, रडणे क्षीण होणे, अंग शिथिल पडणे अशा खुणांवरून आरोग्यदूत निदान करीत. प्रथम रुग्णालयाचा सल्ला दिला जाई; पालकांनी नकार दिल्यास त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमोक्साझोल हे औषध घरीच दिले जाई. डॉक्टर नसलेल्या स्त्रीच्या हाती इंजेक्शन देणे अनेक तज्ज्ञांना धोक्याचे वाटले. प्रत्यक्षात जंतुदोष झालेल्या अर्भकांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

निष्कर्ष ‘द लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर २५.५ झाला; तुलनेच्या गावांत तो ६०च्या आसपासच राहिला. गावांची निवड यादृच्छिक नव्हती, ही या अभ्यासाची मर्यादा होय.

प्रसार

बांगलादेशातील सिल्हेट येथील अशाच प्रयोगात (२००८) मृत्युदर सुमारे एक तृतीयांशाने घटला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ साली ही योजना आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा, तर घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी ठरवण्यात आल्या. इंजेक्शन देण्याचे काम मात्र आशांकडे सोपवलेले नाही.