दुपारी खाली, रात्री वर

माराकेशमध्ये जुलैत पारा सहज चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत तिथल्या जुन्या शहरात, म्हणजे मदिनेत, एखाद्या रियादमध्ये उतरलात तर आधी दिसते ती भिंत. गल्लीकडे जवळजवळ खिडकीच नाही. मातकट गुलाबी गिलावा आणि त्यात एक ठेंगणा दरवाजा. आतला बोळ थेट अंगणात जात नाही, काटकोनात वळतो. रस्त्यावरच्या माणसाची नजर घरात पोचू नये म्हणून ही सोय. वळण संपलं की डोक्यावर आकाशाचा चौकोन, मध्ये कारंजं, संत्र्याची झाडं आणि गल्लीपेक्षा थंड हवा.

रियाद या अरबी शब्दाचा अर्थच बाग. अंगणात बाग नसेल तर ते घर नुसतं ‘दार’ (आपल्या दाराशी त्याचा काही संबंध नाही). हॉटेलवाले हल्ली दोन्हींना रियादच म्हणतात, कारण त्या नावाला गिऱ्हाईक आहे. आपल्याला वाड्याचा चौक आठवेल. पण इथे पावसाची फिकीर कमी, उन्हाची जास्त.

हा गारवा येतो कुठून? रात्री गच्ची आभाळाकडे उष्णता सोडते, गार झालेली जड हवा अंगणात उतरते आणि तिथेच साचते. जाड भिंती आणि फरशा रात्रभर निवतात आणि दिवसा सावकाश तापतात. झाडांना घातलेलं पाणी आणि कारंजं हवेतली थोडी उष्णता ओढून घेतात. मात्र भिंतींनी दिवसभर प्यायलेलं ऊन संध्याकाळनंतर बाहेर पडू लागतं आणि मग त्याच खोल्या कोंदट होतात.

म्हणून घरातली माणसं जागा बदलायची. उन्हाळ्याच्या दुपारी तळमजल्यावर, अंगणाला लागून असलेल्या उंच छताच्या खोलीत. रात्री गाद्या उचलून गच्चीवर. हिवाळ्यात वरच्या, उन्हाच्या खोल्यांत. लांबट खोल्यांत भिंतीकडेने बैठका असत, जड पलंग फारसे नसत, त्यामुळे हे हलणं सोपं होतं. घर थंड ठेवण्याचं निम्मं काम बांधकाम करायचं, उरलेलं माणसांची सवय. गच्ची तर मुख्यतः बायकांची जागा. फेसमध्ये जन्मलेल्या फातिमा मर्निसी यांनी १९९४मध्ये आपल्या बालपणावर पुस्तक लिहिलं. त्यातल्या घरात गच्चीला केवढं महत्त्व आहे!

पाण्याची गोष्ट याहून जुनी. माराकेश वसलं अकराव्या शतकात, अल्मोराविद घराण्याच्या काळात. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ‘खेत्तारा’ खणले गेले. हे जमिनीखालचे उताराचे बोगदे भूजल पंपाशिवाय शहराकडे आणत. पुढे विहिरी खोल गेल्या, पंप आले, पाण्याची पातळी उतरली आणि बहुतेक खेत्तारा कोरडे पडले.

१९१२मध्ये मोरोक्को फ्रान्सच्या संरक्षणाखाली गेला, म्हणजे व्यवहारात ताब्यात. पहिला रेसिडेंट जनरल युबेर लियोते याचं धोरण होतं, जुनी शहरं मोडायची नाहीत, युरोपियनांसाठी शेजारी नवी बांधायची. १९१४मध्ये आलेल्या आंरी प्रोस्तने आराखडे केले. माराकेशच्या तटाबाहेर गेलीझ उभं राहिलं, रुंद रस्त्यांचं आणि बाहेर बघणाऱ्या खिडक्यांचं. लियोते स्वतः माराकेशला आला की मुक्काम मात्र मदिनेतल्या बाहिया राजवाड्यात, अंगणांच्या गारव्यात! त्याच्या धोरणाने मदिना वाचली हे खरं. पण वाचवताना तिची वाढ गोठवली, आणि दोन वस्त्या वेगळ्या पाडल्या. जॅनेट अबू-लुघोद यांनी राबातवरच्या १९८०च्या पुस्तकात याला थेट ‘शहरी वर्णभेद’ म्हटलं, आणि मला तो शब्द जास्त कडक वाटत नाही.

१९५६मध्ये स्वातंत्र्य मिळालं. युरोपियन निघून गेले, तसे मदिनेतले पैसेवाले नव्या वस्तीत राहायला गेले. मागे राहिलेली मोठी घरं खोलीखोलीने भाड्याने गेली. गावाकडून आलेली कुटुंबं एकेका खोलीत संसार मांडू लागली. कारंजी बंद, गिलावे पडके. १९८५मध्ये युनेस्कोने मदिनेला जागतिक वारसा ठरवलं, तेव्हाही तिथे राहणं हे गरिबीचं लक्षण होतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपियन लोक ही घरं विकत घेऊ लागले. दुरुस्त्या झाल्या, चुन्याचा घोटीव ‘तादेलाक्त’ गिलावा आणि ‘झेलिज’ची फरशी करणाऱ्या कारागिरांना पुन्हा काम मिळालं. हे श्रेय नाकारता येणार नाही. पण भाव चढले आणि अनेक भाडेकरू शहराच्या कडेच्या काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये गेले. तिथे ना अंगण, ना जाड भिंती.

घर पाहुण्यांचं झालं तेव्हा आणखी एक गोष्ट बदलली. पाहुण्याला एक खोली आणि एक किल्ली मिळते. तो दुपारी खाली आणि रात्री वर जाऊ शकत नाही, कारण बाकीच्या खोल्या दुसऱ्यांनी घेतलेल्या असतात. मग रात्री, भिंती ऊन परत करत असताना, खोलीत एसी लागतो आणि त्याचं यंत्र बहुधा गच्चीवर बसवलेलं असतं, गरम हवा सोडत. कारंज्याच्या जागी काही ठिकाणी पोहण्याचा छोटा हौद आलाय. फोटोत सुंदर दिसतो, पण पाण्याची टंचाई असलेल्या शहरात.

कधी ऐन उन्हाळ्यात गेलात तर सकाळी खोलीची दारं मिटून ठेवा आणि दुपारी अंगणाजवळ खालीच बसा. रात्री गच्चीवर गादी टाकून मिळेल का, हे मालकाला विचारायला हरकत नाही. आधी तो हसेल. तिथल्या स्वयंपाकघरात एखाद्या वयस्क बाई असतील, तर त्यांना विचारा, लहानपणी उन्हाळ्यात कुठे झोपायचात.