गाडीची काच ‘आपोआप’ का फुटते? प्रवासापूर्वीची दुरुस्ती आणि मानपूरचा घाट

उन्हात उभ्या असलेल्या किंवा रस्त्याने धावणाऱ्या मोटारीच्या दाराची काच एकाएकी मोठा आवाज करून फुटते आणि क्षणार्धात आसनावर काचेच्या खड्यांचा खच पडतो. दगड लागलेला नसतो, कोणी हात लावलेला नसतो. अशा वेळी दोष बहुधा उन्हाला दिला जातो. काच बनते कशी आणि तुटते कशी हे पाहिले, तर मात्र निराळे चित्र दिसते. अशी काच सहसा आधीच जखमी झालेली असते, आणि ती जखम पुष्कळदा गॅरेजमध्ये, दाराच्या पत्र्याआड, कोणाच्या ध्यानात न येता झालेली असते.

गोमंतकीय वाहनधारकांसाठी हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. उज्जैनचे महाकालेश्वर आणि ओंकारेश्वर यांच्या दर्शनासाठी स्वतःच्या वाहनाने जाणारी कुटुंबे येथेही आहेत. उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. असा लांबचा प्रवास ठरला की गाडी प्रथम गॅरेजमध्ये जाते आणि दुरुस्तीतील चूक प्रवासातच उघड होण्याची शक्यता वाढते.

दोन काचा, दोन स्वभाव

मोटारीत मुख्यतः दोन प्रकारच्या सुरक्षा काचा असतात. समोरची काच लॅमिनेटेड असते. सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचांमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून ती तयार करतात. ती तडकते, पण तुकडे त्या थराला चिकटून राहतात. या कल्पनेचे श्रेय फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांना दिले जाते. १९०३ मध्ये प्रयोगशाळेत खाली पडलेला एक चंबू तडकूनही विखुरला नाही, कारण आतील सेल्युलोज नायट्रेटच्या वाळलेल्या थराने तुकडे धरून ठेवले होते. १९०९ मध्ये त्यांनी या काचेचे पेटंट घेतले.

दारांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. काच सुमारे ६२० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी थिजतो, गाभा मागाहून आक्रसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली आणि गाभा कायमच्या ताणाखाली राहतो. ही काच साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत असते. मात्र एखादी चीर दाबाचा थर भेदून गाभ्यापर्यंत पोहोचली की कोंडलेला सारा ताण एकदम मोकळा होतो. चिरा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतात आणि सबंध काचेचे बोथट कडांचे बारीक तुकडे होतात. प्रवाशाला धारदार काचेने कापू नये, यासाठीच ही रचना केलेली आहे.

जखम आज, स्फोट उद्या

काच तिच्या अंगच्या सूक्ष्म चिरांमुळे तुटते, हे इंग्रज अभियंता ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. टफन्ड काचेत दाबाचा थर प्रत्येक बाजूस जाडीच्या साधारण एक पंचमांश असतो. म्हणजे चार मिलिमीटरच्या काचेत तो मिलिमीटरहूनही कमी भरतो. टवका त्याहून उथळ असेल तर काच वर्षानुवर्षे टिकते. तो थराच्या तळाशी येऊन थांबला असेल, तर दार आपटणे, खड्ड्यातील हिसका किंवा तापमानातील बदल एवढेही निमित्त पुरते. दुखापत आणि फुटणे यांच्यात कधी काही तासांचे, कधी काही महिन्यांचे अंतर पडते ते यामुळे.

काचेचा सर्वांत नाजूक भाग तिची कड. मधोमध बसलेला मुठीचा ठोसा सोसणारी काच कडेवरील पान्याच्या हलक्या टोल्याने निकामी होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांच्या ४३ क्रमांकाच्या विनियमानुसार टफन्ड काचेवर २२७ ग्रॅमचा पोलादी गोळा दोन मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरून टाकून परीक्षा घेतात. ती उत्तीर्ण होणारी काच स्पार्क प्लगच्या चिनी मातीच्या लहानशा तुकड्याने फुटते, कारण त्याचे कठीण, अणकुचीदार टोक दाबाचा थर सरळ भेदते.

उन्हाचा दोष किती?

निर्दोष टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपासचा तापमानफरक सोसते. गोव्यातील मे महिन्याचे ऊन किंवा तापलेल्या गाडीवर ओतलेले पाणी एवढा फरक घडवू शकत नाही. ऊन हे शेवटचे निमित्त ठरते, मूळ कारण नव्हे. समोरच्या काचेची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातील काचा टफन्ड नसतात. म्हणून खडीने उडालेल्या बारीक टवक्यावर बाहेरचे ऊन आणि आतून वातानुकूलन यंत्राचा गार झोत एकाच वेळी आला, की टवक्यातून लांब तडा धावतो. दमट हवाही चिरेच्या टोकाशी काच हळूहळू दुबळी करते. त्यामुळे कोकणपट्टीत पावसाळ्यापूर्वी टवका भरून घेणे शहाणपणाचे.

क्वचित काच खरोखरच स्वतःहून फुटते. निर्मितीच्या वेळी निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण आत राहिला तर काळाच्या ओघात त्याचे स्फटिकरूप बदलते, आकारमान काही टक्क्यांनी वाढते आणि गाभ्यातील ताणाच्या भागात चीर पडते. इमारतींच्या जाड काचांत हे कारण प्रसिद्ध आहे. मोटारीच्या पातळ काचांत ते विरळा आढळते.

गॅरेजमध्ये घडणाऱ्या चुका

काच वर-खाली करणारी यंत्रणा बदलताना बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले, किंवा काच आणि धातू यांच्यामधील रबरी चकती परत बसवली नाही, तर काचेच्या भोकाभोवती ताण साचतो. दाराला स्पीकर किंवा वायझर लावताना लांब स्क्रू वापरला, तर काच खाली जाताना तिची कड त्याच्या टोकाला घासते. डेंटिंगच्या वेळी काच न उतरवता चौकटीवर हातोडी चालवणे ही तर नेहमीची चूक. ग्राइंडर किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या उघड्या काचेवर उडाल्या, तर तप्त कण तिच्यात रुततात आणि हाताला खरखरीत ठिपके लागतात. जुनी फिल्म पात्याने खरवडताना पडलेले ओरखडेही निरुपद्रवी नसतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत दाराच्या आतील पट्ट्या गंजतात, रबर कडक होते आणि काच वाकडी चढू लागते. अशा दारात काच जोराने ओढली, तर तिची कड धातूवर आपटते.

समोरची काच बदलण्यातील चूक अधिक गंभीर असते. ती विशिष्ट चिकटद्रव्याने गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते. ते सुकण्याआधी गाडी हलवली, किंवा गंज न काढताच काच चिकटवली, तर जोड कच्चा राहतो. अपघातात छपराला मिळणारा आधार कमी होतो. अनेक गाड्यांत बाजूच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना या काचेवर टेकते, तो आधारही जाऊ शकतो. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत काच बदलल्यानंतर तो पुन्हा जुळवावा लागतो.

बसवण्यातील दोष कारखान्यातही होतो. २०१२ मध्ये ह्युंदाई कंपनीने अमेरिकेत सुमारे साडेतेरा हजार व्हेलोस्टर गाड्या परत बोलावल्या. जुळणीच्या वेळी छपराची काच कमकुवत झाली असावी आणि ती धावत्या गाडीत फुटू शकते, असे कारण दिले गेले होते.

मानपूरच्या घाटात काय घडते

गोव्याहून धुळेमार्गे इंदूरकडे जाणारा प्रवासी आग्रा–मुंबई महामार्गाने सेंधवा ओलांडून निमाडच्या सखल प्रदेशात उतरतो, खलघाटला नर्मदा पार करतो आणि विंध्याचा चढ चढून इंदूर जिल्ह्यातील मानपूरला पोहोचतो. तेथून माळव्याचे पठार आणि पुढे महू. वैशाखात निमाड कमालीचा तापतो. गाडीत वातानुकूलन यंत्र पूर्ण क्षमतेने चालू असते. चढावर मालमोटारींच्या चाकांतून खडी उडते, वळणांवर आणि खड्ड्यांत सांगाडा पिळवटतो. ऊन, गारवा, हिसके आणि खडे ही चारही निमित्ते येथे एकत्र येतात. धड काच ही परीक्षा सहज पार पाडते. नुकत्याच केलेल्या दुरुस्तीत टवका गेलेली काच अशा वेळी दगा देऊ शकते. वळणावर काच फुटल्याच्या आवाजाने दचकून चालकाने चक्र फिरवले, तर काचेपेक्षा मोठे नुकसान होते.

म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी दार उघडण्याचे काम काढू नये. दुरुस्तीनंतर किमान आठवडाभर गाडी नेहमीच्या रस्त्यांवर वापरावी. काच दहा-बारा वेळा वर-खाली करून खरखर किंवा अडखळणे जाणवते का ते पाहावे आणि दिसणाऱ्या कडेवरून प्रकाश तिरपा टाकून टवके शोधावेत.

काच फुटल्यास

चक्र स्थिर ठेवावे, वेग हळूहळू कमी करावा, धोक्याचे दिवे लावून सुरक्षित जागी थांबावे. मुलांना डोळे चोळू देऊ नयेत. काच चौकटीत टिकून असेल तर तिला स्पर्श करण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. तड्यांच्या रेषा जेथून पसरतात तो उगमबिंदू महत्त्वाचा असतो. तो स्क्रू, बोल्ट किंवा चौकटीजवळ असेल तर बसवण्यातील दोषाकडे बोट जाते. मधोमध फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे जुळे तुकडे दिसले तर काचेतील कणाचा संशय घेता येतो. उगमाजवळचे तुकडे जपून ठेवावेत.

वाहन विम्याच्या प्रचलित पद्धतीत काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. मात्र दावा केल्यास, स्वतंत्र संरक्षण घेतलेले नसेल तर, पुढील वर्षीचा ‘नो क्लेम बोनस’ जाऊ शकतो. त्यामुळे रक्कम लहान असल्यास आधी हिशेब करावा. नवी काच घेताना तिच्या कोपऱ्यावरील शिक्का पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार सुरक्षा काच बंधनकारक आहे आणि वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे.

चूक गॅरेजची वाटत असेल, तर कामाची नोंद असलेले जॉब कार्ड आणि पावती हाच पुरावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. उत्तर व दक्षिण गोव्यासाठी स्वतंत्र आयोग आहेत. म्हणून गाडी ताब्यात देताना चारही काचांची छायाचित्रे काढावीत, कोणते दार उघडणार हे जॉब कार्डावर लिहून घ्यावे आणि पावतीशिवाय काम करून घेऊ नये. काच महिन्याभराने फुटली, तर ‘ऊन लागले असेल’ या उत्तरापुढे हेच कागद उपयोगी पडतात.